स्प्रिंगांचा डबा

‘टँक’ म्हटले की पाण्याची टाकी डोळ्यांपुढे येते. स्प्रिंग रिव्हर्बचा टँक मात्र पत्र्याचा एक उथळ डबा असतो. मोठ्या प्रकारातला सुमारे १७ इंच लांब आणि साडेचार इंच रुंद. आत बारीक तारेच्या स्प्रिंगा ताणून बसवलेल्या असतात. एका टोकाच्या कॉइलला गिटारचा संदेश दिला की तिथला इवलासा चुंबक हलतो आणि स्प्रिंगेला पीळ बसतो. तो पीळ ३० ते ४० मिलिसेकंदांत दुसऱ्या टोकाला पोहोचतो, परततो, पुन्हा येतो आणि प्रत्येक येरझारीत क्षीण होत दोन-तीन सेकंदांत विरून जातो. दुसऱ्या टोकाची कॉइल ही ये-जा टिपते. लहान खोलीत वाजवलेला स्वर मग एखाद्या मोठ्या सभागृहात घुमल्यासारखा भासतो.

ही युक्ती अमेरिकेतली. दूर अंतराच्या टेलिफोन तारांतून आवाज पोहोचण्यास लागणाऱ्या विलंबाचा अभ्यास करण्यासाठी बेल प्रयोगशाळेत स्प्रिंगा वापरल्या गेल्या होत्या. शिकागोच्या लॉरेन्स हॅमंड यांनी तीच कल्पना आपल्या ऑर्गनसाठी उचलली. चर्चचे उंच छत नाद घुमवते. गालिचे-पडद्यांच्या घरात तोच ऑर्गन कोरडा वाटतो. पुढे १९६३ मध्ये फेंडर कंपनीने असा डबा गिटारच्या अॅम्प्लिफायरमध्येच बसवला.

कापडाच्या पेढीवर वाढलेल्या दोघा भावांना नेमका तो आवाज हवा होता. हल्ली तो छोट्या डिजिटल यंत्रातूनही मिळतो, आणि हिशेबाने पाहिले तर तेच शहाणपणाचे. पण त्यांनी व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर घरीच बांधला, तोही आजोबांनी घेतलेल्या रेडिओग्रामच्या सागवानी पेटीत. वडिलांनी पेटी दिली ती एका अटीवर : तिला नवे भोक पडता कामा नये.

जोडणी निर्विघ्न झाली. डबा बसवताना मात्र अट आडवी आली. पेटीचा कप्पा १९ इंचांचा. डबा मावला, पण त्याचे एक टोक वीजपुरवठ्याच्या ट्रान्सफॉर्मरला जवळजवळ टेकले. गिटारला हात न लावताही सलग गुणगुण सुरू झाली. नाद टिपणारी कॉइल फार हळवी असते. तिचा क्षीण संदेश पुढचा व्हॉल्व्ह अनेक पटींनी वाढवतो. ट्रान्सफॉर्मरभोवतीचे ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्रही ती तितक्याच इमानाने पुढे पाठवते.

“दादा, मागची फळी कापून डबा बाहेर काढू. कोण बघणार आहे?” धाकटा म्हणाला.

“आधी डबा हातात धरून फिरवून बघू. फळी कुठे पळून जात नाही.”

आत सुमारे ४०० व्होल्ट खेळत होते, म्हणून चासी झाकून ठेवली. आत हात घालण्यापूर्वी वीज तोडायची, कपॅसिटर रोधकातून रिकामे करायचे आणि मीटरने खात्री करायची. या बाबतीत थोरला कुणाचेच ऐकत नसे. मग लांब वायरी जोडून डबा सावकाश फिरवला. वर धरला, आडवा धरला, कप्प्याच्या तळाशी नेला. प्रत्येक वेळी गुणगुण बदलत होती. शेवटी डब्याची टोके उलटी केली : संदेश देणारे टोक ट्रान्सफॉर्मरकडे, टिपणारे दूरच्या कोपऱ्यात. गुणगुण एवढी उतरली की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

थोडी खरखर उरली होती. डब्याचा पत्रा चासीला टेकून अर्थिंगला दुसरी वाट मिळत होती. त्यावर उपाय पेढीतच निघाला. जाड कॅनव्हासच्या तुकड्याची पिशवी शिवली आणि डब्याच्या उघड्या बाजूवर पुठ्ठा ठेवला. ती बाजू खालीच हवी, कारण डबे ठरावीक स्थितीसाठीच बनवतात आणि त्यांचा तो डबा तसाच होता. खाली स्पंजची घडी घातली. पिशवीचे कान जुन्या तबकडीयंत्राच्या भोकांतच स्क्रूने अडकवले, तेही सैल. घट्ट आवळले असते तर स्पीकरची थरथर लाकडातून स्प्रिंगांत शिरून आवाज किंचाळू लागला असता.

संध्याकाळी वडील पेढीवरून आले. त्यांनी पेटीवरून हात फिरवला, मागे वाकून फळी पाहिली आणि वर सहज एक थाप मारली. स्पीकरमधून ढग गडगडावा तसा आवाज आला.

“हे काय?”

“स्प्रिंगा हलल्या, बाबा,” थोरला म्हणाला. “ते राहणारच.”

वडिलांनी पुन्हा एक थाप मारली.