सुंठ आणि स्मृती

आदिलाबादच्या बाजारात आम्ही ‘अल्लम’ मागतो. घरी येताच त्याचे आले होते. हल्ली या आल्याने स्मृतिभ्रंश टळावा, अशी अपेक्षा बाळगली जाते. ती अगदीच निराधार नव्हे. थायलंडात ६० निरोगी मध्यमवयीन स्त्रियांवर २ महिने प्रयोग झाला. आल्याचा अर्क घेणाऱ्यांची स्मरणशक्ती काहीशी सुधारल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झाले. मात्र त्या निरोगी होत्या, हे विसरता कामा नये. (विषयच विसरण्याचा!) रोग टळतो, असे त्यावरून ठरत नाही.

आमचे भांडण सुंठीशी नाही, ‘म्हातारचळ’ या शब्दाशी आहे. आजी तेच ते विचारू लागली, की हा शब्द उच्चारून घरची माणसे मोकळी होतात आणि वैद्यकीय तपासणीऐवजी सुंठसाखर पुढे करतात. वास्तविक ब-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेने किंवा थायरॉइडच्या दोषानेही विस्मरण जडते, आणि ते वेळीच उपचार केल्यास पुष्कळदा सुधारते. बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह, एकाकीपणा यांनी स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. त्यांवर इलाज आहेत.

या आजारात अनेकदा मागाहून शिकलेली भाषा आधी मावळते. आजीची तेलुगू जाते, हिंदी जाते, मराठी तेवढी उरते. आणि आमच्याकडची नातवंडे इंग्रजी शाळेतून येऊन आजी ‘पडवी’ म्हणते ती कोणती, हे आईला विचारतात.