फोटोत न दिसलेला मार



एरवी मी तुम्हाला खोडव्याबद्दल, हुमणीबद्दल, नाहीतर माती परीक्षणाबद्दल सांगतो. आज सांगतो ती माझी चूक आहे.

2009 सालचा गाळप हंगाम. नेवासे तालुक्यात एका फडावर मी गेलो होतो. भरलेल्या ट्रॉलीवर, मोळ्यांच्या अगदी वर, सहा वर्षांचे पोर बसले होते. ट्रॅक्टरने हिसका दिला आणि पोर मान मुडपून खाली आले. सगळ्यांच्या आधी मीच धावलो. त्याला उचलले, उभे केले, पाठ चोळली, पाणी पाजले. ते म्हणाले, "काका, पायात मुंग्या आल्या." मी म्हणालो, "जातील रे." थोड्या वेळाने गेल्याही. मग मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यात नेले. मुंग्यांचे डॉक्टरांना सांगायचे मला सुचलेच नाही. मानेचा फोटो काढला, हाड शाबूत. हसतखेळत घरी आलो. तिसऱ्या दिवशी सकाळी पोराला अंथरुणातून उठता येईना.

नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, नेऊन एमआरआय काढला तेव्हा कळले की मणके ठीक होते, पण त्यांच्या आतून जाणाऱ्या मज्जारज्जूला मार बसून सूज आली होती.

तुम्ही कलमे बांधणारी माणसे, तुम्हाला हे लगेच समजेल. जून फांदी वाकवली तर कडकन मोडते. कोवळी काडी वाकते, पुन्हा सरळ होते, पण आत चेंगरलेली असते. लहान मुलाचे तसेच. डोके अंगाच्या मानाने जड, मानेचे स्नायू दुबळे, मणक्यांचे बंध सैल. कणा ताणला जातो आणि जागेवर येतो, मात्र आतल्या मज्जारज्जूला तेवढा ताण सोसत नाही. आठ वर्षांखालच्या मुलांत हा धोका अधिक. एक्स-रेत हाड दिसते, मज्जारज्जू दिसत नाही. अमेरिकेतल्या पांग आणि विल्बर्गर या डॉक्टरांनी 1982 साली अशा 24 मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक मुलांचे हातपाय लगेच नव्हे, उशिराने लुळे पडले होते, काहींचे तर चार दिवसांपर्यंत. आणि त्यांतल्या बहुतेकांना पडल्यावर क्षणभर मुंग्या, बधिरपणा किंवा अंगातले बळ गेल्यासारखे जाणवले होते. हे मी फार पुढे वाचले. त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हा झाडावरून, विहिरीच्या काठावरून, ट्रॉलीवरून पोर पडले तर आधी श्वास चालू आहे का बघा आणि 108 ला फोन लावा. 2009 साली ही गाडी नव्हती, 2014 पासून आहे. ती येईपर्यंत पोराला उठवू-बसवू नका. एकाने दोन्ही हातांनी डोके धरून मान सरळ ठेवावी. उशी मुळीच देऊ नका. उलट लहान मुलाचे डोके मागून मोठे असल्याने सपाट फळीवर मान पुढे झुकते. म्हणून फळीवर घ्यायची वेळ आली, तर खांद्यापासून खाली गोधडीची घडी घाला. उलटी झाली तर तिघा-चौघांनी ओंडका वळवावा तसे अख्खे अंग एकदम कुशीवर वळवा.

मान चोळून घ्यायला कोणाकडे नेऊ नका. आजीबाईंना राग येईल, येऊ द्या.

डॉक्टरांना पोर कसे पडले ते सांगा, आणि मुंग्या येऊन गेल्या असतील तर त्याही आवर्जून सांगा. फोटो चांगला आला तरी चार-पाच दिवस लक्ष ठेवा. चाल अडखळते का, हातातला घास सुटतो का, मान वाकडी धरतो का, लघवी तुंबते की नकळत होते? यांतले एकही दिसले तर रात्र असली तरी निघा आणि एमआरआयबद्दल स्वतः विचारा.

त्या पोराच्या आईने मला कधी बोल लावला नाही. तो आता बापाबरोबर शेती करतो, डावा पाय किंचित ओढतो. मागच्या महिन्यात ठिबकच्या अनुदानाचे कागद घेऊन आमच्या कार्यालयात आला होता. कठडा धरून जिना चढू लागला, तेव्हा मीच खाली उतरलो आणि पायरीवर बसून त्याचे कागद तपासले.