मागची काच

घराला खिडकी असते, गाडीला काच. गाडीत बसून 'खिडकी उघड' असं कुणी म्हणत नाही, 'काच घे जरा खाली' म्हणतात. गोंदियाच्या मिस्त्री लोकांकडे गेलं की तिचा 'शीशा' होतो, कारण आमच्या शहरात नट-बोल्टांची भाषा हिंदी आहे. पण काच म्हणा की शीशा, डोळ्यांपुढे येतात त्या दोन दारांच्या काचा, फार तर समोरची मोठी. पिकअपला आणखी एक काच असते. ड्रायव्हरच्या पाठीमागे, मानेच्या उंचीला. तिच्या अलीकडे कॅबिन, पलीकडे हौदा. ही सगळी हकिकत तिची आहे.

धाकट्या भावानं चार वर्षांपूर्वी सेकंडहँड पिकअप घेतली. नंबर एमएच 35 चा, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचा. गोंदिया भंडाऱ्यातून वेगळा निघाला तो 1 मे 1999 ला. गंमत अशी की गाड्यांच्या नंबरात लेकराला 35 मिळाला आणि मायबाप भंडाऱ्याला 36. आधीच्या मालकानं मागची बंद काच काढून तिथं ॲल्युमिनियमच्या चौकटीत दोन सरकते पल्ले बसवून घेतले होते. भावाला गाडीचं इंजिन आवडलं, टायर आवडले नाहीत, आणि या काचेकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. तिच्याकडे पाहिलं ते हौद्यात बसणाऱ्यांनी.

आमच्याकडे पिकअप वर्षभर एकच काम करत नाही. उन्हाळा चढला की मोहफूल, मग तेंदूपानाची पोती. दिवाळी झाली की धानाचे कट्टे, एकेक चाळीस किलोचा. चाळीस कट्टे चढले की सोळाशे किलो होतात आणि कमानी कण्हायला लागतात. त्याच दिवसांत मंडया भरतात, तेव्हा दंडार या लोकनाट्यवाल्यांची ढोलकी, पेट्या, पडदे आणि पडद्याला टेकून झोपलेली दोन-चार माणसं. आणि आषाढात रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या बाया. बांध्या तुडुंब भरल्या, पऱ्हे हातभर झाले की सगळ्या गावाला एकाच आठवड्यात बाया हव्या असतात; मग या गावच्या बाया त्या गावाला गाडीनं जातात. मालवाहू गाडीत माणसं बसवणं कायद्यात बसत नाही, आणि हौदा उलटल्याची बातमी दर हंगामात कुठून ना कुठून येते. हे भावाला ठाऊक आहे, बायांना ठाऊक आहे, नाक्यावरच्या शिपायालाही ठाऊक आहे. तरी पहाटे सहाला हौदा भरतो. काच सरकती आहे की बंद, यानं त्या चुकीत काही फरक पडत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पण ती सरकती होती, त्यामुळे हौदा आणि कॅबिन यांच्यात येणंजाणं होतं. एसटीत कंडक्टरची दोरी असते, एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. हौद्यात दोरी नाही. तिथं बाया बोटातल्या अंगठीनं काचेवर टकटक करायच्या. तेवढ्यानं भागलं नाही तर पल्ला सरकवून एक हात आत यायचा. चिखलानं भेगाळलेला, बांगड्या कोपराकडे सरकवलेला हात. तो भावाच्या खांद्यावर पडायचा. "थांबव गा बापू, पोट्टीची चप्पल पडली!" भाऊ वैतागायचा, ब्रेक मारायचा. चप्पल अर्धा फर्लांग मागे डबक्यात उलटी पडलेली असायची.

त्या फटीतून बाकीही पुष्कळ आत यायचं. गाणं यायचं, ओल्या लुगड्यांचा वास यायचा, दिवाळीनंतर चिन्नोरचा सुवासिक धान भरला असला की पोत्यातूनही येणारा तो दरवळ यायचा. भावाची खरी तक्रार दुसऱ्याच गोष्टीची. कोंडा. राइस मिलच्या आवारातून बाहेर पडलं की वाऱ्यानं कोंड्याची धूळ मागून आत घुसते आणि मानेवर खाजते. मग एका हाती स्टिअरिंग धरायचं, दुसरा हात मागे वळवून पल्ला ओढायचा. चौकटीत माती बसलेली, पल्ला अर्ध्यावर अडकायचा. कोहमाऱ्याला महामार्ग ओलांडताना असं करत असता एकदा ट्रकच्या पुढ्यात जाता जाता राहिला. त्या दिवशी त्यानं ठरवलं, मागची काच बटणावर करायची.

काच बटणावर उघडण्याची हौस तशी जुनी. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं आपल्या महागड्या गाड्यांना ती सोय 1940 च्या सुमारास दिली होती. तेव्हा काच उचलायला तेलाचा दाब वापरत. निव्वळ विजेची मोटर पुढे आली. आपल्याकडे कित्येक वर्षं 'पॉवर विंडो' म्हणजे श्रीमंती. लग्नात नवरदेवाची गाडी तसली असली की पोरं बाहेरून बटणाकडे बघत उभी राहायची. आता साध्या गाड्यांनाही ती येते. पण ती दारांना. मागच्या काचेचं बटण आमच्या मुलखात कुणी पाहिलेलं नव्हतं, मिस्त्रीनंसुद्धा.

फुलचूर नाक्याच्या पुढे एका टिनाच्या शेडमध्ये मी भावासोबत गेलो होतो. मिस्त्रीनं काचेवर बोट आपटलं, चौकटीत डोळा घातला आणि म्हणाला, "इसको ऊपर नहीं जाना है, बाजू में जाना है." सगळी अडचण त्यानं या एका वाक्यात सांगितली. दाराची काच मोटर उचलते. तिला काचेचं वजन पेलायचं असतं, म्हणून तिच्यात ताकद भरलेली असते. मागच्या काचेला वजन पेलायचंच नाही. ती खाचेत उभी असते, तिचं भांडण फक्त खाचेतल्या मखमलीशी आणि मातीशी. तिला ताकद थोडी लागते, पण अंतर सरळ काटायला लागतं.

पहिला प्रयत्न स्वस्तातला झाला. दरवाजे कुलूपबंद करणारी जी छोटी मोटर असते, सेंट्रल लॉकची, ती त्यानं आडवी बसवली. बटण दाबलं. 'टक्' झालं आणि काच दोन बोटं उघडली. त्या मोटरची झेपच दोन बोटांची. कुलपाच्या कांडीला तेवढं पुरतं. भाऊ हसला नाही.

दुसऱ्या प्रयत्नात काच गेली. मिस्त्रीच्या पोऱ्यानं मोटरची पट्टी बसवायला पल्ल्याला भोक पाडायला घेतलं. पल्ले टफन काचेचे होते. टफन काच भट्टीत तापवून एकदम थंड हवेनं निववतात; तिचा वरचा थर दाबलेला आणि आतला ताणलेला राहतो. तिला कापायचं, भोक पाडायचं, कड घासायची, ते सगळं भट्टीत जाण्याआधी. नंतर ड्रिलचं टोक आत शिरलं की तो ताण एका क्षणात सुटतो. 'फस्स' असा आवाज आला आणि अख्खा पल्ला खाली बसला. सुऱ्यासारखे तुकडे नाहीत, चुरा. मिलमध्ये चाळणीखाली कणी पडते तशी शेडच्या जमिनीवर काचेची कणी. पोऱ्या ड्रिल हातात धरून तसाच उभा होता. मिस्त्री त्याला काही बोलला नाही, झाडू दिला. नव्या पल्ल्याचे पैसे त्यानं लावले नाहीत, हेही सांगायला हवं.

तिसऱ्यांदा काम जमलं. बाजारात दाराच्या काचांसाठी एक किट मिळतं. त्यात स्प्रिंगसारखे आटे असलेली लवचीक तार नळीतून धावते. मोटरचं दातेरी चाक त्या आट्यांत अडकतं आणि तारेला ढकलतं किंवा ओढतं. नळी वाकवाल तशी वाकते, म्हणून वरखालीच जायला हवं असं काही नाही. मिस्त्रीनं ती सीटच्या पाठीमागे आडवी निजवली, आणि पल्ल्याला भोक न पाडता खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीला तारेचं टोक जोडलं. मोटर बारा व्होल्टची. तिच्या दोन वायरी. धन इकडून आणि ऋण तिकडून दिलं की काच उघडते, उलटं केलं की मिटते. बटणाचं काम एवढीच अदलाबदल. मोटरच्या पोटात मळसूत्री दांडा असतो. तो चाकाला फिरवतो, चाक त्याला फिरवू शकत नाही. म्हणून बटणावरची काच कुणी हातानं ढकलून उघडू म्हटलं तर उघडत नाही. चोरापासून ती राखण. तेव्हा मला हे फार हुशारीचं वाटलं होतं.

मिस्त्रीला एकाच गोष्टीची काळजी होती, बोटांची. दाराची ताकदवान मोटर बिनवजनाच्या काचेला लावली की ती मध्ये आलेलं बोट ओळखत नाही. चालताना चार-पाच अँपिअर ओढणारी मोटर अडकली की पंधरा-वीसवर जाते. म्हणून त्यानं मुद्दाम लहान, दहाचा फ्यूज घातला. "फ्यूज जाएगा, उँगली नहीं जाएगी," म्हणाला. गाडीत मनाचे बदल करण्याविरुद्ध मोटार वाहन कायद्यात कलम 52 आहे, हे मी त्याला सांगून पाहिलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

महिनाभर भाऊ खुश होता. एक बोट, आणि काच 'सुंईं' करत मिटायची. कोंडा बाहेर, पाऊस बाहेर. गाणी लावली की ती आत घुमायची.

मग आषाढ आला. आमची आई अजून रोवणीला जाते. नको म्हटलं तर ऐकत नाही. आणि जाते ती हौद्यात, बायांसोबत. पुढच्या सीटवर बसायला तिला ओशाळल्यासारखं होतं. एके दिवशी परतताना पावसानं झोडपलं, बाया मेनकापडं डोक्यावर धरून एकमेकींना चिकटून बसल्या, भावानं बटण दाबून काच मिटली. वाटेत एका मावशीला गरगरलं. उपाशीपोटी दिवसभर वाकून काम, त्यात हौद्याचे हेलकावे. बायांनी काच वाजवली. आत गाणं आणि टपावर पाऊस. त्यांनी नेहमीसारखा पल्ला सरकवायला घेतला. पल्ला हलेना. दोघी-तिघींनी जोर लावला, नखं लावली. मळसूत्रापुढे कुणाचं चालतं? शेवटी आईनं विळ्याची मूठ टपावर आपटली. भावाला वाटलं, झाडाची फांदी घासली. तो थांबला ते थेट कोहमाऱ्याला.

मावशीला काही झालं नाही. चहात साखर जास्त टाकून पाजली, ती हसलीसुद्धा. आईनं भांडण केलं नाही. ती गाडीच्या मागच्या फालक्याला टेकून उभी राहिली, पदर पिळला आणि म्हणाली, "काचेले आता हात लागत नाही, गा."

भाऊ रात्री जेवला नाही असं काही मी लिहिणार नाही, तो पोटभर जेवला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मिलकडे न नेता फुलचूरला नेली.

काचेचं आणखी एक बटण त्याला हौद्याकडूनही हवं होतं. गाडीच्या दारांत अशी सोय आधीपासून असते. ड्रायव्हरकडे सगळ्या काचांची बटणं, आणि प्रत्येकापाशी आपापलं एक. मात्र वायरी कशा जातात ते मी त्या दिवशी पाहिलं. दुसऱ्या बटणाची वाट पहिल्या बटणातून जाते. दोन्ही बटणं मोकळी असताना मोटरची दोन्ही टोकं ऋणावर टेकून शांत असतात. कुणीही दाबलं की एक टोक धनावर जातं. वर एक कुलपाचं बटण असतं, लहान पोरांसाठी. ते दाबलं की मागच्यांची बटणं मुकी होतात आणि ड्रायव्हरचं तेवढं चालतं. मिस्त्रीनं विचारलं, "लॉक लगाऊँ?" भाऊ क्षणभर थांबला. त्याच्या मनात काय आलं असेल ते मला कळलं, कारण माझ्याही मनात तेच आलं. प्रवासभर बाया खेळ करतील, उघडझाप करतील, बॅटरी उतरवतील. मग तो म्हणाला, "नहीं."

बाहेरचं बटण हौद्याच्या बाजूला, चौकटीच्या खाली उजवीकडे लागलं. पहिल्याच आठवड्यात पाणी शिरून ते मेलं. दुसरं घराच्या घंटीचं लावून पाहिलं, तेही गंजलं. तिसऱ्यावर मिस्त्रीनं सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून बसवला, कडांना रबराचं सोल्युशन लावलं. ते गेल्या दोन पावसाळ्यांत टिकून आहे. वरून काळं, गुळगुळीत, मध्ये बोटानं दाबून दाबून खळगा पडलेला. बायांनी खेळ केला तो पहिले दोन दिवस. आता गरजेपुरतंच दाबतात, आणि काच उघडली की हात पूर्वीसारखाच आत येतो. खांदा जवळ आहे, हाक मारण्यापेक्षा ते सोपं पडतं.

कोंडा पुन्हा मानेवर येतो, ते मात्र खरं. त्यावर भावानं गळ्यात दुपट्टा गुंडाळायला सुरुवात केली आहे.

तुमच्यापैकी कुणी पिकअपची मागची काच बटणावर करून घेणार असेल, तर टफन पल्ल्याला भोक पाडू देऊ नका, फ्यूज लहान घाला, आणि मिस्त्रीला हौद्याकडचं बटण आधी लावायला सांगा. आतलं तो न सांगताही लावतो.