गोथाच्या रुळांवर प्रागची ट्राम

गोथा, थुरिंगियातल्या लहानशा गावा, तुझ्या कारखान्यातल्या ट्राम पूर्व जर्मनीच्या शहराशहरांत धावत होत्या. तरी 1960च्या दशकात त्यांची बांधणी थांबली. तो निर्णय एकट्या तुझा नव्हताच. कॉमेकॉन या सोव्हिएत गटाच्या आर्थिक संघटनेतल्या देशांनी 1962 साली समाजवादी श्रमविभागणीची तत्त्वे मान्य केली होती. प्रत्येकाने सगळेच कशाला बनवायचे? मोठ्या बस हंगेरीकडे गेल्या, फोर्कलिफ्ट बल्गेरियाकडे, आणि ट्राम चेकोस्लोव्हाकियाकडे.

हिशेब खोटा नव्हता, हेही मला म्हटलेच पाहिजे. प्रागमध्ये स्मीखोवच्या चेकाडे कारखान्याने टी-3 या एकाच जातीच्या सुमारे 14 हजार ट्राम बांधल्या. त्यातल्या 11 हजारांहून अधिक सोव्हिएत शहरांना गेल्या. तोच गोलसर चेहरा प्रागमध्ये, मॉस्कोत, ओडेसात. कामावर निघालेल्या किती माणसांना त्या गाडीने पहाटेच्या थंडीतून उचलून नेले असेल! ते उपकार मी नाकारणार नाही.

पण पत्रा वाकवताना तो नेमका कुठे रुसतो, हे ज्या बोटांना कळायचे, त्यांचे काय? त्या कारागिराला दुसरे काम मिळते, पगारही मिळतो. बोटांतली ती समज मात्र कुणाच्या हवाली करायची, याचे कलम कुठल्या करारात असणार? 1980च्या दशकात तर गोथा, तुझ्याच रुळांवर प्रागच्या केटी-4 ट्राम धावू लागल्या. ज्यांनी ट्राम घडवल्या, त्यांनी आता तिकीट काढून दुसऱ्यांच्या ट्राममध्ये बसायचे.

आणि प्रागला तरी ते काम कुठे पुरले? या देशांची आपसातली देवघेव हस्तांतरणीय रुबलमध्ये चाले. हा रुबल वहीत असे, खिशात कधीच नाही. 1991च्या जानेवारीपासून व्यवहार डॉलरसारख्या चलनात आणि जागतिक भावाने ठरला. जूनमध्ये बुडापेस्टला कॉमेकॉनच विसर्जित झाली. ट्राम हव्या असलेली शहरे होती तिथेच होती. त्यांच्याकडे तसला पैसा नव्हता. शतक सरता सरता चेकाडेच्या ट्राम कारखान्याचेही दिवाळे निघाले.

गोथा, प्रागसाठी तुला थांबवले होते. प्राग अडले तेव्हा ते काम तुझ्याकडे परत आले नाही, आणि येऊनही करणार कोण? तुझी शेवटची ट्राम बांधताना जो चाळिशीत होता, तो आता सत्तरीपार गेला होता.