झोपडीतील पहाट

एका गरिबाच्या झोपडीत दोन खुर्च्या जोडून अंथरूण केले आहे. त्यावर एक आजारी मूल निपचित पडले आहे. शेजारी बसलेले डॉक्टर हनुवटीला हात लावून त्याच्या मुखाकडे एकटक पाहत आहेत. मागे आईने मेजावर डोके टेकले असून पित्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आहे. आता वाट पाहणे एवढेच त्यांच्या हाती उरले आहे.

‘द डॉक्टर’ या नावाचे हे चित्र इंग्रज चित्रकार ल्यूक फाइल्ड्स यांचे. त्यांचा जन्म १८४३ साली लिव्हरपूल येथे झाला. त्यांना आजीने वाढविले. ही आजी मोठी बाणेदार होती. सामान्य जनतेच्या मताधिकारासाठी १८१९ साली मँचेस्टर येथे भरलेल्या सभेवर घोडेस्वारांनी तलवारी चालविल्या, तेव्हा ती व्यासपीठावर होती. अशा आजीच्या सहवासात नातू लहानाचा मोठा झाला.

पुढे फाइल्ड्स लंडनला आले. हिवाळ्याच्या एका रात्री त्यांना निराधार माणसांची एक रांग दिसली. रात्रीपुरत्या निवाऱ्याची चिठ्ठी मिळावी म्हणून ती माणसे थंडीत कुडकुडत उभी होती. ते दृश्य त्यांनी रेखाटले. १८६९ साली ‘ग्राफिक’ साप्ताहिकाच्या पहिल्याच अंकात ते छापले गेले. त्यानंतर थोर कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांनी आपल्या अखेरच्या कादंबरीची चित्रे काढण्याचे काम या तरुणाकडे सोपविले. १८७४ साली त्याच दृश्याचे मोठे रंगचित्र प्रदर्शनात मांडले गेले, तेव्हा ते पाहण्यासाठी लोटलेली गर्दी आवरण्यास पोलीस ठेवावे लागले!

परंतु १८७७ च्या नाताळात फाइल्ड्स यांच्यावर दुःखाचा घाला पडला. त्यांचा पहिला मुलगा फिलिप दगावला. त्याच्या आजारात डॉक्टरांनी केलेली शुश्रूषा पित्याच्या मनावर कायमची कोरली गेली. पुढे हेन्री टेट या साखरेच्या व्यापाऱ्याने त्यांना एक चित्र काढावयास सांगितले. फाइल्ड्स यांनी आपल्या चित्रशाळेतच एक झोपडी उभारली आणि १८९१ साली ‘द डॉक्टर’ लोकांपुढे आले.

पुढे त्यांनी सातवा एडवर्ड व पाचवा जॉर्ज या राजांचीही चित्रे रंगविली. १९२७ साली त्यांचे निधन झाले. राजवस्त्रांतील ती चित्रे आज फारशी कोणाच्या स्मरणात नाहीत. झोपडीतील ते आजारी मूल मात्र लोक विसरले नाहीत.

ते मूल बरे झाले की नाही, हे चित्रावरून कळत नाही. परंतु डॉक्टर अजून उठलेले नाहीत, आणि खिडकीतून पहाटेचा उजेड आत येत आहे.