पिकअप शोधायला नाना पेठेत!

स्कूटर चढाला दम टाकते? सिग्नल सुटल्यावर सगळे पुढे आणि तुम्ही मागे? मग पुण्यातल्या एका पेठेत चक्कर मारायलाच हवी. नाना पेठेतल्या काउंटरपासून दिवे घाटाच्या माथ्यापर्यंतची ही एका पुलीची सफर...

पुण्यात गाडीबद्दल दोनच प्रश्न विचारले जातात. ‘ॲव्हरेज किती देते?’ आणि ‘पिकअप कसाय?’ पहिला प्रश्न वडिलांचा, दुसरा मुलाचा. पण एकदा स्वतःच्या पगारातून पेट्रोल भरायला लागलं की हे दोन्ही प्रश्न एकाच डोक्यात भांडायला लागतात. पिकअप तर हवाच, पण ॲव्हरेजही सोडवत नाही!

माझ्या ११० सीसीच्या स्कूटरला मगरपट्ट्याच्या सिग्नलवर कुणी मागे टाकलं तरी मला फारसं काही वाटत नाही. तिथे सगळ्यांनाच पुढच्या सिग्नलला पुन्हा भेटायचं असतं. माझा प्रॉब्लेम होता दिवे घाट. घर हडपसरला, आजोळ सासवडला. महिन्यातून दोन रविवार आईला मागे बसवून जायचं आणि येताना सीझनप्रमाणे अंजीर नाहीतर सीताफळं घेऊन यायची, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. पण गाडीनं ३८ हजार किलोमीटर ओलांडले आणि वडकी सोडून चढ लागला की काटा २५ वर यायला लागला. ॲक्सिलरेटर पूर्ण पिळलेला, इंजिन दबल्यासारखं गुरगुरतंय आणि मागून डंपरचा हॉर्न. अशा वेळी आई माझा खांदा घट्ट धरायची. बोलायची काहीच नाही. एका रविवारी मात्र निघायच्या आधीच म्हणाली, “या वेळी मी एसटीनं जाते. तू ये मागून.”

बस्स! त्याच आठवड्यात नाना पेठ गाठली.

साड्या संपतात, स्पेअर पार्ट सुरू होतात

लक्ष्मी रोडवरून पूर्वेकडे जात राहिलं की हळूहळू साड्या आणि सोनं मागे पडतं, आणि दुकानांच्या दारात केबल, आरसे, हॉर्न, सीट कव्हर लटकायला लागतात. नाना फडणवीसांचं नाव लावणारी ही पेठ. आषाढी वारीत तुकोबांची पालखी इथल्याच निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला असते. माउलींची पालखी शेजारच्या भवानी पेठेत. ते दिवस सोडले तर बाकी वर्षभर इथे राज्य चालतं ते टू-व्हीलरचं. ब्रेक शू एकीकडे, बेअरिंग दुसरीकडे, आणि ‘ते मिळेल, पण समोर विचारा’ हे उत्तर सगळीकडे.

पहिल्यांदा जात असाल तर एक सल्ला. गाडी शक्यतो लांब लावा आणि चालत फिरा. गल्ल्या अरुंद, त्यात टेम्पो माल उतरवत असतात. आणि ‘मला पिकअप वाढवायचाय’ असं काउंटरवर म्हणू नका. मी म्हणालो, तेव्हा पहिल्याच दुकानात माझ्यासमोर चकचकीत खोकं आलं. त्यावर ‘रेसिंग’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं, पण बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. दुसऱ्या दुकानातल्या काकांनी चष्म्यावरून बघत एकच प्रश्न केला, “जुना पीस आणलाय का?”

नव्हता. “मग आधी खोलून बघा. तोपर्यंत काय विकू तुम्हाला?” असं म्हणून त्यांनी मला पलीकडच्या गल्लीतल्या एका मिस्त्रींकडे पाठवलं. गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार भेटला की समजावं, पत्ता बरोबर आहे!

दोन ताटल्यांचा खेळ

मिस्त्रींनी डाव्या बाजूचं कव्हर उघडलं. दहा वर्षं मी ही गाडी चालवतोय, पण तिच्या पोटात काय आहे हे पहिल्यांदाच बघत होतो. पुढे एक पुली, मागे एक पुली आणि दोन्हींवरून फिरणारा रबरी बेल्ट. एवढाच आपल्या गिअरलेस गाडीचा गिअरबॉक्स.

“पुली म्हणजे पाठीला पाठ लावलेल्या दोन ताटल्या समजा,” मिस्त्री म्हणाले. “त्या जवळ आल्या की बेल्ट वर चढतो, लांब गेल्या की खाली उतरतो.”

पुढच्या पुलीची आतली ताटली सरकती असते. तोच व्हेरिएटर. तिच्या पाठीमागे खाचांमध्ये सहा छोटे रोलर बसवलेले असतात. आत धातू, बाहेर नायलॉनसारखं कडक आवरण. इंजिन जोरात फिरायला लागलं की हे रोलर बाहेरच्या बाजूला फेकले जातात. जत्रेतला चक्रीपाळणा फिरला की खुर्च्या बाहेर झेपावतात ना, अगदी तसंच. बाहेर जाताजाता रोलर ताटलीला ढकलतात आणि पुढचा बेल्ट वर चढतो. बेल्टची लांबी तर तेवढीच! त्यामुळे तो मागच्या पुलीत स्प्रिंगला दाबून खाली उतरतो. झाला वरचा गिअर. चढ आला की हेच सगळं उलटं व्हायला हवं. स्प्रिंगनं बेल्ट परत वर खेचायचा आणि रोलरनी आत यायचं.

बेल्टवरची ही युक्ती गाड्यांमध्ये गाजवली ती डच मंडळींनी. हुब व्हान डोर्नं यांच्या डाफ कंपनीनं १९५८ मध्ये ‘डाफ ६००’ ही छोटी कार आणली, तिच्यात ‘व्हेरिओमॅटिक’ होतं. आपल्याकडे घराघरात ती पोचली १९८४ नंतर, किनेटिक आणि होंडा यांच्या भागीदारीतून आलेल्या किनेटिक होंडामुळे. तोपर्यंत स्कूटर म्हणजे डाव्या मुठीत क्लच दाबून गिअर पिळायचा आणि चालू होत नसली की आडवी करायची. आता बटण दाबा आणि निघा! पुण्यातल्या कितीतरी आया, मावश्या आणि कॉलेजच्या पोरी त्या बटणानं रस्त्यावर आणल्या. माझी आईही त्यातलीच. म्हणजे मागे बसून माझा खांदा धरणाऱ्या बाईंना गाडीतलं कळत नाही, असं समजायचं कारण नव्हतं.

गेलेला पिकअप की नवा पिकअप?

मिस्त्रींनी माझे सहा रोलर वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले. गोल असायला हवे होते, पण प्रत्येकाची एक बाजू चपटी झालेली. बेल्ट झिजून अरुंद झालेला, आतल्या दातांशी बारीक चिरा. मागची स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी केली, तर बोटभर बुटकी!

“चपटे रोलर खाचेत अडकतात,” मिस्त्री म्हणाले. “एकदा बाहेर गेले की चढावर आत यायला मागत नाहीत. त्यात स्प्रिंग मेलेली. म्हणजे तुम्ही घाट चढताय वरच्या गिअरमध्ये. गाडी काय करणार बिचारी?”

मग त्यांनी जे सांगितलं, ते मला या अख्ख्या सफरीतलं सगळ्यात मोलाचं वाटलं. “भाऊ, आधी गेलेला पिकअप परत आणू. नवा पिकअप नंतर बघू.”

कारण साधं आहे. व्हेरिएटर बदलून इंजिनाची ताकद वाढत नाही. एक टक्कासुद्धा नाही. बदलतं ते इतकंच, की आहे ती ताकद कधी वापरायची. हलके रोलर टाकले की ते बाहेर जायला जास्त आरपीएम मागतात. म्हणजे गाडी खालच्या गिअरमध्ये जास्त वेळ राहते, इंजिन चढ्या आरपीएमवर ओढतं आणि तुम्हाला पिकअप मिळतो. पण त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं, जास्त ओरडतं आणि पेट्रोल जास्त पितं. जड रोलर टाका, गाडी शांत होते पण आळशी होते. रोलर फारच हलके केले तर बेल्ट शेवटपर्यंत चढतच नाही, आणि टॉप स्पीडही जातो. एका रोलरमागे एक ग्रॅम कमी केला तरी सहांचे मिळून सहा ग्रॅम होतात, आणि तेवढा फरक मुठीला जाणवतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे पूर्ण व्हेरिएटर बदलणं. या धंद्यातली मोठी नावं इटलीची, मालोसी आणि पोलिनी. यांच्या पुलीत रोलरच्या खाचांचा उतारच वेगळा कोरलेला असतो. शिवाय तैवानचे ‘डॉ. पुली’चे रोलर. ते गोल नसतात, सरकत जातात. १५० सीसीच्या स्पोर्टी स्कूटरवाल्यांमध्ये यांची क्रेझ आहे. बारामतीच्या कारखान्यातून २०१६ मध्ये आलेली एप्रिलिया एसआर १५० असो की २०२१ ची यामाहा एरॉक्स १५५. पण रोलरचा सेट शेकड्यांत मिळतो, आणि या किटला हजार मोजावे लागतात. माझ्या १० वर्षांच्या गाडीला ते म्हणजे साठीच्या काकांना स्पाइक्सचे बूट!

परीक्षा दिवे घाटात

पहिल्या फेरीत सगळं कंपनीच्या मापाचं टाकलं. रोलर, बेल्ट, स्प्रिंग आणि ताटलीत बसणारे छोटे सरक तुकडे. जुने पीस खिशात घालून काकांच्या काउंटरवर गेलो, तेव्हा त्यांनी खोकं न दाखवता थेट माल काढला. रविवारी आईला म्हटलं, “चल, एकदाच.” मस्तानी तलाव खाली दिसायला लागला तेव्हा काटा ३५ च्या आसपास होता. गाडी नवीन होती तेव्हाही एवढंच होतं. म्हणजे गेलेला पिकअप मिळाला होता.

महिनाभरानं एक ग्रॅम हलके रोलर टाकले. मिस्त्रींनी मधल्या प्रयोगाची वाटही सांगितली होती. तीन मूळ, तीन हलके, एकाआड एक. मी सहाही बदलले. या वेळी वळणातून बाहेर पडताना गाडी स्वतःहून पुढे झाली. काटा ४० ला टेकला. मागचा ट्रक मागेच राहिला. पण परतीला हडपसरच्या सरळ रस्त्यावर साठच्या वेगात इंजिनचा आवाज स्पष्ट वाढलेला, आणि पुढच्या दोन टाक्यांचा हिशेब केला तर ॲव्हरेज लिटरमागे तीन किलोमीटरनं उतरलेलं.

मी हलकेच रोलर ठेवले. कारण मला घाट चढायचाय, तोही डबलसीट. तुमचा रोजचा रस्ता हिंजवडीचा सपाट आणि लांब असेल, तर हाच सौदा तुम्हाला महागात पडेल. पिकअप विकत मिळत नाही, बदल्यात मिळतो. काय द्यायला तयार आहात, ते आधी ठरवा. आई म्हणाली, “गाडी आवाज फार करायला लागलीय हं.” पण आता घाटात तिचे दोन्ही हात अंजिरांच्या पिशवीवर असतात, माझ्या खांद्यावर नाही!

आणि उद्या?

२०२० मध्ये आकुर्डीच्या बजाजनं चेतक परत आणली, विजेवरची. २०२५ मध्ये किनेटिकचं डीएक्स हे जुनं नावही बॅटरी घेऊन परतलं. या गाड्यांत व्हेरिएटरच नाही. मोटर पहिल्या क्षणापासून जोर लावते, त्यामुळे रोलर नाहीत, ग्रॅमचा हिशेब नाही आणि वर्तमानपत्रावर मांडायला काही उरत नाही. मिस्त्रींना विचारलं, तर हात पुसत म्हणाले, “रस्त्यावर एवढ्या पेट्रोलच्या गाड्या पडल्यात, माझं आयुष्य जाईल. पोरगा मात्र वायरिंग शिकतोय.” हे सांगून त्यांनी पुढच्या स्कूटरचं कव्हर उघडलं. तिचेही रोलर चपटेच होते.

पिकअप हवाय? आधी एवढं करा!

• हवेचा दाब, एअर फिल्टर आणि जाम झालेला ब्रेक तपासा. निम्म्या ‘पिकअप नाही’ तक्रारी इथेच मिटू शकतात.

• बेल्ट कधी बदलायचा ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. तो रस्त्यात तुटला की गाडी जागेवर थांबते.

• रोलर एक-दोन ग्रॅमनेच कमी करा, आणि सहाही एकदम बदला. जुन्यात नवे मिसळू नका.

• बेल्टला आणि पुलीच्या आतल्या बाजूला ग्रीस लागता कामा नये. बेल्ट घसरतो.

• पुलीचा नट ठरलेल्या मापानेच आवळला पाहिजे. हे घरच्या पान्याचं काम नाही.

• गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या अटी आधी वाचा. आणि आरसी बुकातल्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार चालत नाही. म्हणून इंजिनाची क्षमता वाढवण्याच्या फंदात पडू नका.

• जुने पीस मिस्त्रींकडे सोडू नका. नाना पेठेत तेच तुमचं ओळखपत्र!