आंबट बिअर, आंबील आणि मुतखडा

परवा भाचा बेल्जियमहून आला, सोबत ‘लॅम्बिक’ नावाच्या आंबट बिअरची बाटली. म्हणाला, “मामा, लाकडी पिंपात मुरवलेली आहे. पोटाला चांगली!”

जालन्याच्या घरी दोन ग्लासांत थोडी थोडी ओतली. रंग गढूळ सोनेरी. वास ओल्या लाकडाचा, किंचित गोठ्याचा. घोट घेतला तर कच्च्या मोसंबीसारखी आंबट, मागाहून तुरट. चव आवडली, हे कबूल करतो. आईच्या हातची ज्वारीची आंबील आठवली.

साम्य खरे आहे. दोन्हींचा आंबटपणा लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंमुळे येतो. पण आंबील रात्रभरात आंबते, तिच्यात अल्कोहोल नगण्य. लॅम्बिक ओकच्या पिंपात एक ते तीन वर्षे मुरते आणि यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते. 5 टक्के अल्कोहोलच्या 330 मिली बाटलीत ते सुमारे 13 ग्रॅम भरते. आंबट चवीने यकृतावरचा भार कमी होत नाही.

ओपीडीत नेहमीचा प्रश्न असतो, “डॉक्टर, बिअरने मुतखडा पडतो ना?” लघवी वाढते, पण खडा विरघळत नाही. उलट शरीरातले पाणी कमी होते, युरिक ॲसिड वाढते. गेल्या उन्हाळ्यात एक तरुण शेतकरी महिनाभर हाच उपाय करून आला, तोवर मूत्रपिंडाला सूज आली होती.

कंबरेत कळ, ताप किंवा लघवी अडकणे, यांपैकी काहीही असेल तर आधी सोनोग्राफी करा. भाच्यालाही तेच सांगितले: चव म्हणून घोटभर घेतली, औषध म्हणून थेंबही नको.